सोनाराने टोचलेले कान

टायटॅनिक बुडाली त्याच वर्षी, 1912 मध्ये, सर हायरम मॅक्सिम यांनी समुद्रावरच्या टकरी टाळण्याची नवी युक्ती सांगणारी एक पुस्तिका काढली. मॅक्सिम म्हणजे मशीनगनचे जनक. वय बहात्तर. उभे आयुष्य स्वतःच्याच बंदुकांशेजारी गेल्यामुळे कान जवळजवळ निकामी झालेले. या बहिऱ्या म्हाताऱ्याने आगबोटींना ऐकायला शिकवण्याचा घाट घातला होता आणि गुरू म्हणून निवडले होते वटवाघळाला. वटवाघूळ पंख फडफडवते, त्यातून माणसाला ऐकू न येणारे खर्जातले कंप उठतात, समोरच्या वस्तूवर आपटून परततात आणि वटवाघळाला वाट कळते, असा त्यांचा तर्क. मग बोटीवर वाफेचा एक दांडगा भोंगा बसवावा, त्याने तसेच कंप हवेत सोडावेत, आणि पुढे हिमनग असेल तर परत आलेल्या कंपाने बोटीवरची घंटा वाजावी.

युक्ती कागदावरच राहिली. वटवाघळाबद्दलचा तर्क तर साफ उलटा होता, कारण ते खर्ज लावत नाही, माणसाच्या कानाला पेलत नाही इतका तीव्र स्वर लावते. पण मॅक्सिमना दोष द्यावा तर तेव्हा शास्त्रज्ञांना तरी कुठे काय ठाऊक होते? इटलीतल्या पाविया गावी स्पालान्झानी यांनी 1793 पासून वटवाघळांवर प्रयोग केले होते. गडद अंधारात घुबड धडपडते, वटवाघूळ धडपडत नाही. त्याचे डोळे गेले तरी त्याचे काही अडत नाही. जिनिव्हाच्या जुरीन यांनी कानांत मेण भरून पाहिले, तेव्हा मात्र ते जिकडेतिकडे आपटू लागले. म्हणजे ते कानांनी ‘पाहते’. पण ऐकते काय? आवाज तर कुठलाच येत नव्हता. हा प्रश्न सव्वाशे वर्षे तसाच पडून होता.

माणसाने डॉल्फिनकडे पाहून सोनार, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्यातली वस्तू शोधणारे यंत्र, बनवले, असे शाळेतल्या भाषणांत आणि विज्ञानाच्या सदरांत हमखास सांगितले जाते. ऐकायला गोड आहे, पण घडले त्याच्या नेमके उलट. 1912 मध्ये डॉल्फिन आवाजाने शिकार शोधतो हे विज्ञानाला माहीत नव्हते. सोनार जन्माला आला तो बर्फाच्या आणि पाणबुडीच्या धसक्याने. प्राणी या गोष्टीत बरेच उशिरा आले, आणि आले तेही अडथळा म्हणून.

टायटॅनिक बुडाल्यावर पाचच दिवसांनी लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने प्रतिध्वनीवरून हिमनग शोधण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे हवामानाचा अंदाज गणिताने मांडणारे रिचर्डसन ते हेच. पहिला अर्ज हवेतल्या आवाजासाठी होता, महिन्याभरात दुसरा पाण्यातल्या आवाजासाठी. पाण्याची निवड शहाणपणाची होती. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, समुद्रात सुमारे 1500, आणि पाण्यात तो दूरवर टिकतो. रिचर्डसनना यंत्र बनवणारा कोणी मिळाला नाही. ते काम अमेरिकेत रेजिनाल्ड फेसेन्डेन यांनी केले. बोस्टनच्या ‘सबमरीन सिग्नल’ कंपनीसाठी त्यांनी विजेवर थरथरणारी एक जाड धातूची चकती तयार केली. तीच पाण्यात आवाज सोडायची आणि तीच परतीचा आवाज झेलायची. 27 एप्रिल 1914 रोजी न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर ‘मायामी’ या जहाजावरून त्यांनी सुमारे दोन मैलांवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी टिपला. त्याच यंत्राला समुद्राच्या तळाचाही प्रतिध्वनी आला.

तीन महिन्यांत युरोप पेटला आणि हिमनग मागे पडले. 22 सप्टेंबर 1914 रोजी एकट्या यू-9 या जर्मन पाणबुडीने सकाळच्या तासा-दीड तासात ब्रिटनच्या तीन युद्धनौका बुडवल्या. चौदाशेहून अधिक खलाशी गेले. एप्रिल 1917 या एका महिन्यात दोस्तांची आणि तटस्थांची मिळून साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे तळाशी गेली. दर्यावर जगणाऱ्या ब्रिटनच्या तोंडचे पाणी पळाले, आणि अशा वेळी माणूस काहीही करून पाहतो. ब्रिटिश आरमाराने सर्कशीतले सी-लायन आणले! जोसेफ वुडवर्ड या खेळ करणाऱ्या कप्तानाकडचे हे प्राणी आधी ग्लासगोच्या तरणतलावांत, मग वेल्समधल्या बाला सरोवरात तालमीला घातले गेले. पाण्याखालचा आवाज ऐकून त्याच्या मागे जायचे आणि बक्षीस म्हणून मासा खायचा, एवढे ते झकास शिकले. खुल्या समुद्रात खऱ्या पाणबुडीमागे सोडल्यावर मात्र तोंडाला मुसके असूनही ते माशांच्या थव्यामागे किंवा वाटेतल्या दुसऱ्याच बोटीमागे निघून जात. प्रयोग गुंडाळला. प्राण्यांच्या कानांवर आरमाराने टाकलेला हा बहुधा पहिला डाव, आणि तो फसला.

उत्तर निघाले फ्रान्समध्ये, एका स्फटिकातून. कॉन्स्टंटिन चिलोव्स्की या रशियन अभियंत्याने कल्पना मांडली आणि पॉल लांजव्हँ यांनी ती हाती घेतली. लांजव्हँ हे पिएर क्युरींचे विद्यार्थी. पिएर आणि त्यांचे भाऊ जाक यांनी 1880 मध्ये दाखवले होते की क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यात वीज उमटते. उलट बाजूने, विजेचा झटका दिला तर स्फटिक थरथरतो. लांजव्हँनी पोलादी पत्र्यांच्या मध्ये क्वार्ट्झचे तुकडे बसवून सेकंदाला सुमारे चाळीस हजार कंपनांचा आवाज पाण्यात सोडला. तूलाँच्या आरमारी बंदरात 1918 च्या सुरुवातीला त्यांना पाणबुडीवरून परतलेला स्वच्छ प्रतिध्वनी मिळाला. युद्ध संपेपर्यंत हे यंत्र प्रत्यक्ष लढाईत उतरले नाही. पण त्या प्रयोगांतली एक नोंद मला फार बोलकी वाटते. झोताच्या तोंडाशी सापडलेले लहान मासे मरत, आणि पाण्यात हात घातला तर हाडांपर्यंत कळ जाई. आवाज इजा करू शकतो, हे पहिल्याच दिवसापासून दिसत होते.

आता गंमत पाहा. 1920 मध्ये केंब्रिजच्या हॅमिल्टन हार्टरिज या शरीरशास्त्रज्ञाने आपल्या खोलीत शिरणाऱ्या वटवाघळांकडे पाहून लिहिले की ही बहुधा माणसाला ऐकू न येणारा तीव्र स्वर वापरत असावीत. पाणबुड्या शोधण्यासाठी माणसाने नुकतेच जे तत्त्व वापरले होते, तेच त्यांनी वटवाघळाला लावून पाहिले. 1938 मध्ये हार्वर्डच्या डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने पिंजऱ्यात वटवाघळे भरून ती भौतिकशास्त्रज्ञ जी. डब्ल्यू. पिअर्स यांच्यासमोर नेली. पिअर्सकडे न ऐकू येणारा आवाज ऐकू येण्याजोगा करणारे यंत्र होते. यंत्र खडखडू लागले आणि स्पालान्झानींचे कोडे सुटले. तरी ग्रिफिन आणि त्यांचे सहकारी गॅलम्बोस यांनी हे परिषदेत मांडले तेव्हा एका नामांकित शरीरशास्त्रज्ञाने गॅलम्बोसना खांदे धरून गदागदा हलवले. माणसाच्या गुप्त शस्त्रासारखे काही एखादे वटवाघूळ करते, हेच त्याला पचेना. प्रतिध्वनीवरून वाट काढण्याच्या या रीतीसाठी ‘इकोलोकेशन’ हा शब्द ग्रिफिननी 1944 मध्ये रूढ केला. म्हणजे वटवाघळाकडून यंत्र आले नाही. यंत्रामुळे वटवाघूळ कळले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तोवर यंत्र सुधारले होते. ‘सोनार’ हे नाव त्याला 1942 मध्ये हार्वर्डच्या एफ. व्ही. हंट यांनी ‘रडार’शी जुळेल असे दिले. मराठी कानाला त्या नावात भट्टी आणि फुंकणी दिसते, त्याला इलाज नाही. पण कान सोनारानेच टोचावेत असे आपण म्हणतो, आणि माणसाचे कान या सोनाराने टोचले ते त्याच वर्षी.

जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर जहाजे बुडवत होत्या. चेसापीक उपसागराच्या मुखाशी आरमारी पहाऱ्यासाठी पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, टाकले होते. वसंत ऋतूत संध्याकाळ झाली की किनाऱ्यावरच्या कर्ण्यांतून असा खणखणाट सुरू होई, की जणू कोणी ड्रिलने रस्ता फोडतो आहे. त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांचा आवाज बुडून जाई. शत्रूची काही नवी चाल असावी, असा संशय येणे साहजिक होते. शोधाअंती सापडला क्रोकर नावाचा मासा. हिवाळा बाहेर काढून हे मासे उपसागरात परतत आणि पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंनी ढोल बडवत. आपल्या किनाऱ्यावरचे घोळ आणि ढोमा याच कुळातले. ज्या पिशवीसाठी घोळ माशाला आज लाखांचे मोल मिळते, तोच त्याचा ढोल. आवाजाची जातकुळी कळल्यावर अमेरिकनांनी तेवढाच स्वर गाळणारी चाळणी यंत्रात बसवली आणि पहारा पुन्हा सुरू झाला.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्रास वेगळा होता. चुलीत ओल्या काटक्या तडतडाव्यात किंवा कढईत लाह्या फुटाव्यात तसा अखंड आवाज, दिवसरात्र. सॅन डिएगोच्या युद्धसंशोधन विभागाने स्क्रिप्स संस्थेतले जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांना गाठले. जॉन्सननी चोर पकडला. काही सेंटिमीटर लांबीची एक कोळंबी, जिची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते. ती नांगी फटकन मिटते तेव्हा चुटकी वाजावी तसा आवाज होतो, आणि अशा असंख्य चुटक्यांचा मिळून तो तडतडाट. ही कोळंबी कोमट, उथळ पाण्यात, साधारण 55 मीटरच्या आत, खडक आणि शिंपल्यांच्या तळावर राहते. मग जॉन्सननी जे केले ते मला या सगळ्या कथेतले सर्वांत चतुर काम वाटते. कोळंबी कुठे राहते हे जीवशास्त्राला ठाऊक होतेच, त्यावरून जगाच्या कोणत्या किनाऱ्यावर गोंगाट असेल हे त्यांनी जहाज न पाठवता सांगितले. कुठे शत्रूला ऐकणे कठीण जाईल आणि कुठे आपली पाणबुडी त्या तडतडाटाच्या आडोशाला लपेल, दोन्ही त्यातून कळत होते. तो आवाज नांगी आपटून होतो असेच पुढे अर्धशतक सर्वजण मानत राहिले. 2000 मध्ये नेदरलंड्स आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवले की नांगी मिटताना पाण्याची पिचकारी उडते, तिच्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटतो त्याचा हा आवाज.

त्याच सुमारास, 1942 मध्ये, सॅन डिएगोजवळ ‘जॅस्पर’ या जहाजावरच्या सोनारला आणखी एक अचंबा दिसला. समुद्र तिथे कितीतरी खोल, पण प्रतिध्वनी सांगत होता की तीनशे मीटरच्या आसपास तळ आहे. संध्याकाळी हा ‘तळ’ वर येई, पहाटे पुन्हा खाली जाई. तळ कधी चालतो का? 1945 मध्ये पुन्हा जॉन्सननीच चोवीस तास पाण्यात जाळी टाकून दाखवले की हा प्राण्यांचा थर आहे: लहान मासे, झिंगे, जेलीसारखे जीव, रात्री चरायला वर येणारे. रोज होणारे एवढे मोठे स्थलांतर माणसाला दिसले ते पाणबुडी शोधताना.

युद्धानंतर आरमारांना कळून चुकले की शत्रू ओळखायचा तर आधी शेजारी ओळखले पाहिजेत. अमेरिकन आरमाराने 1946 मध्ये ऱ्होड आयलंडच्या मेरी पोलंड फिश यांना माशांचे आवाज गोळा करायला बसवले. आडनाव फिश, काम माशांचे! नॅरागॅन्सेटच्या प्रयोगशाळेत त्यांनी शेकडो जातींचे जीव हौदांत ठेवून, डिवचून, विजेचे सौम्य झटके देऊन त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. सोनारवर बसणाऱ्या सैनिकाला घोरणारा मासा आणि घुमणारे इंजिन यांतला फरक कळावा, हा हेतू. फ्रेंच सागरसंशोधक कुस्तो यांचे ‘द सायलेंट वर्ल्ड’ हे पुस्तक 1953 मध्ये आले आणि समुद्र मूक असल्याचे जगाच्या मनात आणखी पक्के झाले. तोवर मेरी फिश यांच्या ध्वनिफितींत समुद्राचा बाजार भरला होता.

मग शीतयुद्ध. सोव्हिएत पाणबुड्या ऐकण्यासाठी अमेरिकेने 1950 च्या दशकात समुद्रतळावर हायड्रोफोनच्या माळा अंथरल्या. त्यांत सेकंदाला सुमारे 20 कंपनांचा, इतका खोल की कानाला जेमतेम लागेल असा ठोका घड्याळासारखा नियमित पडू लागला. यंत्राशिवाय इतके शिस्तीत काय वाजेल? सोव्हिएत साधन असल्याची शंका बरेच दिवस होती. 1964 मध्ये विल्यम शेविल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो फिन व्हेल या देवमाशाचा आवाज असल्याचे जाहीर केले.

आणि डॉल्फिन? त्याची पाळी आत्ता येते. फ्लोरिडाच्या मरीन स्टुडिओजमधले आर्थर मॅकब्राइड गढूळ खाड्यांत रात्री डॉल्फिन पकडत असत. बारीक विणीचे जाळे लावले की काळोखातही डॉल्फिन दुरूनच वळत. मोठ्या विणीचे लावले तर त्यावर धडकत. 1947 मध्ये त्यांनी टिपणात लिहून ठेवले की हे पाहून वटवाघळे आठवतात. मॅकब्राइड लवकर वारले आणि ते टिपण शेविल यांनी 1956 मध्ये छापले. आपल्या गंगेतला डॉल्फिन तर याहून पुढचा आहे. त्याच्या डोळ्यात भिंगच नसते. त्या गढूळ पाण्यात तो निव्वळ आवाजावर जगतो. निर्णायक पुरावा केनेथ नॉरिस यांनी 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियात दिला. कॅथी नावाच्या डॉल्फिनला त्यांनी डोळ्यांवर रबरी वाट्या लावून घ्यायला शिकवले. डोळे झाकलेली कॅथी टांगलेल्या नळ्यांच्या जंजाळातून न धडकता पोहत गेली आणि पाण्यात टाकलेले मासे टिपत राहिली.

पुढची तीन दशके अमेरिकन आरमाराने डॉल्फिनचा सोनार तराजूत घालून मोजला. हवाईच्या कानेओहे खाडीत व्हिटलो ऑ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की साडेसात सेंटिमीटर व्यासाचा, पाण्याने भरलेला पोलादी गोळा डॉल्फिनला 113 मीटरवरून ‘दिसतो’. डॉल्फिनची प्रत्येक टिकटिक सेकंदाच्या लाखांशांच्या हिशेबात मोजावी लागते: 40 ते 70 मायक्रोसेकंद. स्वर सेकंदाला सव्वा लाखाच्या आसपास कंपनांचा. माणसाचा कान वीस हजारांवरच थांबतो. एका टिकटिकीचा प्रतिध्वनी आल्याशिवाय सहसा तो दुसरी सोडत नाही, आणि परतीचा आवाज झेलतो तो खालच्या जबड्यातून. हे सगळे मोजता आले, पण त्या तोडीचे यंत्र काही बनले नाही. विशेषतः उथळ, गढूळ बंदरात, गाळात रुतलेला सुरुंग आणि दगड यांतला फरक करण्यात. मग आरमाराने सरळ डॉल्फिनलाच नोकरीला ठेवले. 2003 च्या मार्चमध्ये इराकच्या उम्म कसर बंदरात मदतीची जहाजे येण्यापूर्वी सुरुंग शोधायला सॅन डिएगोहून डॉल्फिन नेले गेले. सी-लायनचा फसलेला डाव शहाऐंशी वर्षांनी असा जमला.

प्राण्यापासून खरोखर प्रेरणा घेतलेला सोनार दिसतो तो यानंतर. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या टिमोथी लाइटन यांना प्रश्न पडला की डॉल्फिन बुडबुड्यांचे जाळे सोडून मासे कोंडतात, तेव्हा त्या बुडबुड्यांत त्यांचा स्वतःचा सोनार आंधळा कसा होत नाही? माणसाचा तर होतो. त्यावरून त्यांनी 2010 च्या सुमारास एक सोनार मांडला. पाठोपाठ दोन ठोके सोडायचे, दुसरा पहिल्याचा नेमका उलटा. बुडबुडा दाबला जाताना आणि फुगताना सारखा वागत नाही, पोलाद मात्र सारखेच वागते. दोन्ही प्रतिध्वनी एकमेकांतून वजा केले की पोलाद ठळक होते. बेरीज-वजाबाकीचा हा खेळ करून बुडबुड्यांचा गोंधळ वेगळा काढता येतो. डॉल्फिन खरेच असे करतात हे यातून सिद्ध झाले नाही, आणि लाइटननी तसा दावाही केला नाही. प्रेरणा कधी कधी चुकीच्या तर्कातूनही मिळते, मॅक्सिम आठवा.

मधल्या काळात लांजव्हँच्या हातातली ती कळ परत आली होती. मे 1996 मध्ये ग्रीसच्या किपारिसिया आखातात नाटोच्या सोनार चाचण्या चालू असताना डझनभर चोचवाले देवमासे किनाऱ्यावर येऊन पडले. मार्च 2000 मध्ये बहामा बेटांजवळ अमेरिकन युद्धनौकांच्या सरावानंतर सतरा देवमासे आणि डॉल्फिन किनाऱ्याला लागले. मेलेल्यांपैकी काहींच्या कानांभोवती रक्तस्राव होता. पुढच्या वर्षी आरमाराने सरकारी शास्त्रज्ञांसोबतच्या अहवालात मान्य केले की कारण बहुधा आपलाच सोनार. इथे त्याने कान टोचले ते शब्दशः.

तेव्हा ओरडण्याऐवजी नुसते ऐकून पाहता येईल का? 1992 मध्ये स्क्रिप्सच्या मायकेल बकिंगहॅम यांनी ‘नेचर’मध्ये हा विचार मांडला. अंगणातले झाड बघायला आपण कंदील लावत नाही. उजेड आधीपासून असतो, तो झाडावरून उसळून डोळ्यांत येतो. समुद्रात आवाजाचा असाच उजेड पडलेला असतो. हा विचार पुढे नेला गेला तो सिंगापूरच्या बंदरात, जिथे पाणी गढूळ, जहाजांची वर्दळ अपार आणि तळावर त्या चुटक्या वाजवणाऱ्या कोळंब्यांची वस्ती दाट. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठात जॉन पॉटर, मंदार चित्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचशेहून अधिक हायड्रोफोनांची एक तबकडी पाण्यात उतरवली. 1942 मध्ये गाळून टाकायचा होता तो तडतडाट तिने गोळा केला आणि साठ-पासष्ट मीटरपर्यंतच्या लक्ष्यांची चित्रे उभी केली. चित्रे ढोबळच आहेत आणि हिशेबाला जबर संगणक लागतो. यंत्र स्वतः मात्र एकही आवाज काढत नाही.